सोसायटीत सर्व धर्मांचे सण एकत्र साजरे करताना: वर्गणी, पूजा आणि पंगत

घोडबंदरकर

ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर आमची गृहनिर्माण संस्था आहे. हिंदू, मुस्लिम, ख्रिस्ती, बौद्ध, जैन आणि शीख अशी सर्व कुटुंबे येथे राहतात. गणेशोत्सव आणि दिवाळी पहिल्यापासून संस्थेतर्फे होते. नाताळात मुलांसाठी तळमजल्यावर झाड सजवले जाते. ईद, बुद्धपौर्णिमा आणि गुरुपर्व मात्र त्या त्या घरापुरते राहतात. येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे असा प्रस्ताव आहे की, सर्व धर्मांचे प्रमुख सण एकाच उत्सव समितीने, एकाच वर्गणीतून आणि संस्थेच्या सभागृहात साजरे करावेत.

माझा या प्रस्तावाला मनापासून पाठिंबा आहे, कारण एकाच उद्वाहनातून रोज ये-जा करणारी माणसे एकमेकांच्या घरात काय शिजते आणि कशासाठी शिजते याविषयी काहीच जाणत नाहीत, ही गोष्ट मला फार बोचते. तरीही प्रस्ताव जसाच्या तसा मंजूर करण्याआधी ज्यांच्या संस्थेत असे काही चालते त्यांचा अनुभव ऐकावा असे वाटले. एकच समिती आणि एकच वर्गणी हा मार्ग योग्य आहे का? आणि ज्यांना दुसऱ्या धर्माच्या पूजेत सहभागी व्हायचे नाही, त्यांची अडचण होऊ नये म्हणून तुम्ही काय करता?

सोनटक्का

प्रस्ताव चांगला आहे, जरूर करा. आमच्याकडे सुरुवात मुलांनीच केली. त्यांना कोणाच्या घरी कधी काय गोड मिळते हे मोठ्यांच्या आधी पाठ झाले होते.

लेखापाल

पैशांचा मुद्दा आधी मिटवा, कारण पुढची बहुतेक भांडणे तेथूनच उगवतात. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींमध्ये सभासदांकडून घ्यावयाच्या शुल्काच्या बाबी दिलेल्या आहेत. मालमत्ता कर, पाणीपट्टी, दुरुस्ती निधी, सिंकिंग फंड, विमा वगैरे बाबी त्यांत आहेत, पण उत्सवाच्या वर्गणीचा स्वतंत्र उल्लेख नाही. सर्वसाधारण सभेच्या ठरावाने ती मासिक देयकात घालणाऱ्या संस्था मी पाहिल्या आहेत, आणि त्याच ठरावावरून उपनिबंधकांच्या कार्यालयापर्यंत गेलेली भांडणेही पाहिली आहेत.

माझा सल्ला असा की, वर्गणी पूर्णपणे ऐच्छिक ठेवा, तिची पावती आणि तिचे खाते वेगळे ठेवा, आणि प्रत्येक सणाचा जमाखर्च तो सण झाल्यावर सूचना फलकावर लावा. कोणी किती दिले याची यादी मात्र कधीही लावू नका. ती यादी लागली की ऐच्छिक वर्गणी सक्तीची होते, मग ठरावात काहीही लिहिलेले असो.

दीक्षाभूमी५६

घोडबंदरकर, तुमच्या दुसऱ्या प्रश्नावर थोडे सविस्तर लिहितो, कारण तो प्रश्न आमच्या घरात दरवर्षी येतो.

आम्ही बौद्ध आहोत. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली, तेव्हा दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये गौरी-गणपती इत्यादी देवतांना न मानण्याची आणि त्यांची उपासना न करण्याची प्रतिज्ञा आहे. ती माझ्या आजोबांनी घेतली आणि आमच्या घरात आजही पाळली जाते. त्यामुळे मी आरतीला उभा राहत नाही. याचा अर्थ मी शेजाऱ्यांपासून दूर आहे असा नाही. मंडपाच्या विजेची जोडणी, विसर्जनाच्या दिवशी मुलांना सांभाळणे, महाप्रसादाच्या दिवशी वाढायला उभे राहणे ही कामे मी वर्षानुवर्षे आनंदाने करत आलो आहे. त्रास होतो तो एका गोष्टीचा. दारात येऊन कोणीतरी म्हणते, ‘आज सातव्या मजल्याची आरती, तुमच्या हातून झाली पाहिजे.’ बोलावणाऱ्याच्या मनात आदरच असतो, पण मला प्रत्येक वेळी चारचौघांत नकार द्यावा लागतो आणि त्यानंतर वातावरण अवघडते.

आमच्या समितीतील एका ताईंनी यावर फार साधा उपाय काढला. आरतीच्या पाळ्यांचा कागद त्या आठ दिवस आधी लावतात आणि ज्याला हवे त्याने आपले नाव लिहायचे. कोणाला बोलवावे लागत नाही, कोणाला नकार द्यावा लागत नाही.

दुसरी गोष्ट. ‘सर्व धर्मांचे सण’ अशी यादी होते तेव्हा १४ एप्रिल बहुधा २६ जानेवारीच्या रांगेत जाऊन बसतो. हार घालायचा, दोन भाषणे करायची आणि पांगायचे. आमच्या घरी तो दिवस नवे कपडे घालण्याचा आणि गोडधोड करण्याचा आहे. बुद्धपौर्णिमेला खीर असते. यादी करणार असाल तर त्या घरांना विचारून करा.

ओसरी

मी वेगळे मत मांडतो. सण एका समितीकडे गेला की त्याचा कार्यक्रम होतो. निवेदक, ध्वनिक्षेपक, मुलांच्या वेशभूषा स्पर्धा आणि शेवटी अल्पोपाहार एवढे तेवढे उरते, मग तो नाताळ असो की नवरात्र. प्रत्येक सणाला त्याचे सोवळे-ओवळे आहे, त्याची वेळ आहे, त्याचे नियम आहेत. सर्वांना चालेल असे करायला गेलो की ज्याचा सण आहे त्यालाच तो ओळखू येत नाही. प्रत्येकाने आपला सण आपल्या पद्धतीने पूर्णपणे करावा आणि शेजाऱ्यांना अगत्याने बोलवावे. एकत्र येण्यासाठी एवढे पुरेसे आहे, असे मला वाटते.

खाडीपट्टा

ओसरी यांच्याशी मी बरीचशी सहमत आहे.

मी कोकणी मुस्लिम आहे, माहेर खेड तालुक्यातले, आता पुण्यात राहते. ईद सभागृहात करता येत नाही, कारण ईद हा मुळात घरोघरी जाण्याचा सण आहे. सकाळी नमाज झाली की दिवसभर दार उघडे असते. शीरखुर्म्याची तयारी आदल्या दिवसापासून चालते. चारोळ्या भिजवून त्यांची साले चोळून काढायची, खारका भिजवून त्यांचे पातळ काप करायचे, बदाम-पिस्ते तुपात परतायचे आणि दूध आटत ठेवायचे. शेवया मात्र अगदी शेवटी घालायच्या, नाहीतर त्यांचा लगदा होतो. आमच्या मजल्यावरच्या जोशीकाकू चारोळ्या सोलायला दरवर्षी स्वतःहून येतात. हे काम कोणत्या समितीने वाटून दिलेले नाही.

२०२५ मध्ये ३० मार्चला गुढीपाडवा होता आणि ३१ मार्चला ईद. पाडव्याचे श्रीखंड त्यांच्याकडून आले आणि दुसऱ्या दिवशी शीरखुर्मा आमच्याकडून गेला. गंमत म्हणजे पाडव्याच्या संध्याकाळपर्यंत ईद उद्या की परवा हे आम्हालाही ठाऊक नव्हते, चंद्र दिसल्यावरच ठरले. म्हणून समितीला सांगावेसे वाटते की, ईदनिमित्त काही ठेवायचे असेल तर सभागृह दोन दिवस राखून ठेवा किंवा ईदनंतरचा रविवार धरा.

आता प्रसादाविषयी. माझे सासरे देवाला दाखवलेला नैवेद्य घेत नाहीत. मी घेते की नाही हा माझा प्रश्न आहे, पण वडीलधाऱ्यांचा मान राखावा लागतो. जोशीकाकूंना हे कळल्यावर त्यांनी त्यावर एक शब्दही न बोलता मोदकांचा एक घाणा नैवेद्याच्या आधीच वेगळा काढायला सुरुवात केली. तो डबा सासऱ्यांच्या हातात देताना त्या सांगतात, ‘भाईसाहेब, हे आधीचे आहेत.’ सासरे अगदी निवांतपणे खातात.

पाठशाळा

खाडीपट्टाताई, नैवेद्याआधीचा घाणा ही कल्पना फार आवडली. आम्ही जैन आहोत. आमच्याकडे चौविहार पाळणारी मंडळी सूर्यास्तानंतर काहीच घेत नाहीत, आणि रमजानमध्ये रोजा सुटतो तो सूर्यास्तालाच. एकाच सभागृहात इफ्तार ठेवले तेव्हा एकाचे जेवण संपायची आणि दुसऱ्याचे सुरू व्हायची वेळ एकच आली. शेवटी आमची पंगत अर्धा तास आधी बसली आणि जेवून उठलेल्या आमच्याच मंडळींनी इफ्तारच्या वेळी खजूर, फळे आणि पाणी वाढले. रोजा सुटल्यावर लगेच मगरीबची नमाज असते. त्यासाठी बाजूची खोली स्वच्छ करून मोकळी ठेवली होती. जेवण त्यानंतर.

एक व्यावहारिक सूचना आहे. कांदा, लसूण, बटाटा नसलेल्या पदार्थांचे टेबल आणि त्याचे डाव, पळ्या वेगळ्या ठेवा आणि वाढायला एक माणूस ठरवून द्या. घाईत चमचे इकडचे तिकडे होतात, आणि मग ज्याचा नियम मोडला तो काही न बोलता घरी जातो. आमचे पर्युषण गणपतीच्या आसपासच येते, त्या दिवसांत तर हे कटाक्षाने पाहा.

पंचगंगा

धाग्यावरच्या चर्चेत आमच्या भागाचा उल्लेख व्हायला हवा म्हणून लिहितो. कोल्हापूर जिल्ह्यातील कुरुंदवाडला मशिदींमध्ये गणपती बसवण्याची प्रथा आहे. सांगली जिल्ह्यात गोटखिंडी येथेही चार दशकांहून अधिक काळ मशिदीत गणपती बसतो. कडेगावचे उंच ताबूत प्रसिद्ध आहेत आणि ते उचलायला हिंदू मानकरीही असतात. आमच्या लहानपणी मोहरमला चोंगे (एक गोड पदार्थ) सगळ्या गल्लीत वाटले जात, आणि पिराला नवस बोललेली हिंदू घरे आजही आहेत.

चांद्र कालगणनेमुळे मुस्लिम सण दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकतात, म्हणून काही वर्षे असे सण एकमेकांवर येतात. २०२२ आणि २०२३ अशी सलग दोन वर्षे आषाढी एकादशी आणि बकरी ईद एकाच दिवशी आली. २०२३ मध्ये अनेक गावांतल्या मुस्लिम समाजाने एकादशीला कुर्बानी न करण्याचे ठरवले. कुर्बानी तीन दिवसांत करता येते, त्यामुळे धर्माचा नियमही पाळला गेला. त्याच वर्षी २८ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकत्र आल्या, तेव्हा मुंबईत मिलादची मिरवणूक दुसऱ्या दिवशी काढण्यात आली. हे निर्णय त्या त्या समाजातील जाणत्या माणसांनी आपसांत बसून, आधीच घेतलेले होते.

आता माझा मुद्दा. गावात हे जमते कारण मान कोणाचा, खांदा कोणाचा, शिधा कोणाचा हे पिढ्यानपिढ्या ठरलेले आहे. सोसायटीत कोणीच कोणाला ओळखत नाही, भाडेकरू अकरा महिन्यांनी बदलतात. त्यामुळे ओसरी म्हणतात तसे नुसत्या अगत्यावर सोडून चालणार नाही. ज्याला बोलवायला कोणी नाही त्याचे काय? त्याच्यासाठी समिती हवी.

निर्मळकाठ

वसईहून लिहितो. मी कॅथलिक आहे. घोडबंदरकर, तुमच्या मूळ लेखातील ‘मुलांसाठी झाड सजवले जाते’ या वाक्यापाशी मी थांबलो.

झाड आणि सांताक्लॉज यांना माझा विरोध नाही, मुलांना आनंद होतो. पण आमच्या नाताळाच्या केंद्रस्थानी गोठा असतो. आमच्या वाडीत नाताळगोठ्यासाठी मुले डिसेंबरच्या सुरुवातीपासून कामाला लागतात. भाताचा पेंढा आणायचा, वाटीत धान्य पेरून त्याची हिरवी रोपे गोठ्याभोवती मांडायची, जुन्या गोणपाटाला मातीचा हात देऊन डोंगर करायचे. बाळ येशूची मूर्ती २४ डिसेंबरच्या रात्रीपर्यंत गव्हाणीत ठेवत नाहीत, गव्हाण रिकामी असते. ज्याला हे माहीत आहे त्याला त्या रिकाम्या गव्हाणीकडे पाहताना नाताळ म्हणजे काय ते कळते. मुंबईतील माझ्या बहिणीच्या संस्थेत दोन वर्षांपूर्वी तिने झाडाशेजारी गोठा करू का असे विचारले, तेव्हा ‘झाड चालते, पण गोठा धार्मिक होईल’ असे उत्तर मिळाले. मला हे उत्तर अजूनही पटलेले नाही. त्याच जागी गणपतीची प्रतिष्ठापना होते आणि ती व्हायलाच हवी. मग गोठ्यानेच बाधा कशी येते?

आणखी दोन गोष्टी, समितीला उपयोगी पडतील. गुड फ्रायडे हा सण नाही, तो प्रभूच्या मरणाचा दिवस आहे. त्या दिवशी शुभेच्छांचे संदेश पाठवू नयेत. शुभेच्छा ईस्टरच्या रविवारी द्याव्यात. आणि नाताळच्या फराळात पारंपरिक केकमधला सुका मेवा पुष्कळदा रममध्ये भिजवलेला असतो. शेजाऱ्यांसाठी संत्र्याच्या रसात भिजवून वेगळा केक करता येतो, त्यावर तशी चिठ्ठी लावा. अंडे आहे की नाही तेही लिहा.

ओसरी

निर्मळकाठ, मला म्हणायचे होते ते तुम्ही माझ्यापेक्षा नेमके मांडले आहे. गोठा व्हायलाच हवा. पंचगंगा यांचा भाडेकरूंविषयीचा मुद्दाही मान्य करतो. एकट्या माणसाला आमंत्रण पोहोचवायला समिती लागेल.

म्हापशेकार

आमच्याकडे गोव्यात चवथीला कॅथलिक शेजाऱ्यांकडे नेवऱ्या जातात आणि नाताळात त्यांच्याकडून कुसवाराची, म्हणजे नाताळच्या गोड फराळाची, ताटे येतात. दोदोल, बिबिंका, कलकल, सगळे काही. म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीचे (मेरीमातेचे) फेस्त, म्हणजे चर्चचा उत्सव, ईस्टरनंतर येते, तेव्हा तेल घेऊन जाणाऱ्यांत हिंदू भाविक मोठ्या संख्येने असतात, कारण सायबीण ही शिरगावच्या लईराई देवीची बहीण मानली जाते. पण हे सगळे वाड्यावरचे. म्हापशातल्या नव्या इमारतींत राहायला गेलेल्या आमच्याच मुलांना शेजारच्या घराचे आडनाव ठाऊक नसते. त्यामुळे पंचगंगा यांना अनुमोदन.

कोरा कागद

एक प्रश्न येथे कोणी विचारलेला नाही, तो विचारतो. बकरी ईदचे काय? आमच्या संस्थेत बाकी सगळे सण गुण्यागोविंदाने होतात आणि त्या एका आठवड्यात लोक एकमेकांशी बोलत नाहीत.

लेखापाल

कायद्यापुरते सांगतो. जून २०२३ मध्ये दक्षिण मुंबईतील एका गृहसंकुलाचे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले होते, आणि महापालिकेचा परवाना असल्याखेरीज संकुलात कुर्बानी होऊ देऊ नये असा आदेश झाला. हा नियम परवान्याचा व स्वच्छतेचा आहे, कोणाच्या श्रद्धेविरुद्ध नाही. समितीने महापालिकेच्या प्रभाग कार्यालयातून त्या वर्षीची परवानगी दिलेली ठिकाणे आधीच विचारून घ्यावीत आणि ती माहिती संबंधित कुटुंबांना द्यावी.

खाडीपट्टा

कोरा कागद, प्रश्न विचारलात हे बरे झाले. आमची कुर्बानी गावी होते. शहरातली आमची ओळखीची बरीच कुटुंबे परवानगीच्या ठिकाणी करतात किंवा गावी अथवा धर्मादाय संस्थेकडे पैसे पाठवतात. मांसाचे तीन वाटे असतात. एक घरचा, एक नातलगांचा व मित्रांचा आणि एक गरिबांचा. जे शेजारी खातात आणि मागतात त्यांच्याकडे डबा जातो, इतरांकडे शीरखुर्मा किंवा दुसरे काही गोड. सर्वांनी प्रत्येक सणात सहभागी झालेच पाहिजे असा आग्रह मला योग्य वाटत नाही. मी स्वतः शाकाहारी शेजारणीला त्या दिवशी घरी बोलवत नाही, तिला अवघड जाईल हे मला माहीत असते. आम्ही दोघी दुसऱ्या दिवशी भेटतो. मात्र त्या आठवड्यात उद्वाहनात माझ्या पिशवीकडे संशयाने पाहिले जाऊ नये, एवढी अपेक्षा मी जरूर ठेवते.

भाडेकरू

चर्चा वाचून आनंद झाला, पण एक दुखरी गोष्ट लिहितो. सर्व धर्मांचे सण करायला आधी सर्व धर्मांचे शेजारी हवेत. मी मुस्लिम आहे, नोकरी चांगली आहे, आणि मुंबईच्या उपनगरात घर शोधताना आडनाव ऐकल्यावर ‘घर नुकतेच गेले’ असे उत्तर मला अनेकदा मिळाले आहे. मांसाहाराचे कारण सांगून मराठी हिंदू मित्रांनाही हाच अनुभव आला आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात सभासदत्व एका समाजापुरते ठेवणारा उपविधी ग्राह्य धरला होता. पण ज्या संस्थांचा असा कोणताही उपविधी नाही तेथेही दार बंदच होते, आणि त्याला कागदोपत्री कुठेही आधार नसतो. घोडबंदरकर, तुमच्या संस्थेत सहा धर्मांची कुटुंबे आहेत, ही मला कोणत्याही उत्सवापेक्षा मोठी गोष्ट वाटते. ती टिकवा. घर भाड्याने देताना समिती काय विचारते, ना हरकत पत्र कोणाला अडवते, हे उत्सवाच्या ठरावाइतकेच लक्ष देऊन पाहा.

दीक्षाभूमी५६

भाडेकरू, आपल्याशी पूर्ण सहमत. जातीविषयीही हेच लिहिता येईल. ‘पूर्ण नाव सांगा’ या प्रश्नाचा अर्थ आम्हाला चांगला कळतो.

सोनटक्का

ध्वनिक्षेपकाचा नियमही ठरावात घाला. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस राज्य सरकार ही वेळ मध्यरात्रीपर्यंत वाढवू शकते, तेही जाहीर केलेल्या दिवशीच. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. नियम सर्व सणांना एकच ठेवला की ‘त्यांच्या वेळी चालते, आमच्या वेळी का नाही’ हा वाद उद्भवत नाही. आजारी आणि परीक्षेच्या मुलांची आमच्याकडे चौकशी केली जाते आणि त्या बाजूला ध्वनिक्षेपकाचे तोंड करत नाहीत.

घोडबंदरकर

सर्वांचे मनापासून आभार. तुमचे प्रतिसाद वाचून माझे मत बदलले नाही, पण ठराव बराच बदलला आहे. समिती राहील, तिच्यात प्रत्येक धर्माच्या घरातून किमान एक सभासद असेल, आणि कोणता दिवस सण म्हणून धरायचा व तो कसा करायचा हे त्या घरांनाच विचारले जाईल. म्हणजे १४ एप्रिल आणि बुद्धपौर्णिमा दीक्षाभूमी५६ यांनी लिहिले त्या भावनेने होतील, आणि यंदा झाडाशेजारी गोठा असेल. वर्गणी ऐच्छिक, खाते वेगळे, नावांची यादी नाही. धार्मिक विधी ज्यांचे त्यांच्याकडे राहतील आणि त्यासाठी सभागृह सर्वांना सारख्याच अटींवर मिळेल. आरतीच्या पाळ्यांचा कागद आधी लावू. समितीचे मुख्य काम आमंत्रण पोहोचवणे आणि पंगत नीट लावणे हे असेल. भाडेकरूंनाही त्यात मालकांइतकेच स्थान राहील. ना हरकत पत्राचा विषय मी त्याच सभेत वेगळा मांडणार आहे. तो मांडताना काही जण नाराज होतील, याची मला कल्पना आहे.

ईदचे सभागृहातील कार्यक्रम काढून टाकले आहेत. त्याऐवजी ज्या घरांना पाहुणे आलेले आवडतील ती घरे आपले नाव देतील आणि ज्यांना जायचे आहे ते जातील. खाडीपट्टाताई, यात काही अडचण दिसते का?

खाडीपट्टा

चांगले आहे. फक्त वेळ लिहा. सकाळची नमाज आणि नातलगांच्या भेटी यांत दुपार होते, म्हणून शेजाऱ्यांना चारनंतर पाठवा. आणि किती जण येणार ते आदल्या दिवशी दुपारपर्यंत कळवायला सांगा, दूध त्या हिशेबाने आणावे लागते.

पाठशाळा

त्यांतले चौविहारवाले किती तेही कळवा, त्यांना पाचच्या आत पाठवता येईल.